सावली घरात घेताना

श्राद्धात आवाहन असते, तसे विसर्जनही असते. पितरांना बोलवायचे, आसन द्यायचे, तृप्त करायचे आणि मग हात जोडून त्यांच्या स्थानी परत पाठवायचे. हा क्रम मी लहानपणी पाठशाळेत शिकलो. पुढे शाळेत संस्कृत शिकवताना आणि निवृत्तीनंतर पौरोहित्य करताना कितीतरी घरी तो चालवला. बोलावलेल्या पितरांना कुणी निरोपच देत नसेल, असे कधी मनात आले नव्हते. आमच्या वरच्या खोलीतील भाडेकरूंच्या घरी मृत्यू झाला, तेव्हा मला त्यावर विचार करणे भाग पडले.

आमचे घर चिखलीत आहे. मी ते बांधले तेव्हा भोवती ज्वारी होती. आता एका अंगाला पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसचे शेड आहे, दुसऱ्या अंगाला लोखंडावर रंगाची भुकटी भाजून बसवणारा पावडर कोटिंगवाला. माझी सकाळची संध्या आटोपते त्या सुमारास प्रेसचा पहिला ठोका पडतो आणि दिवेलागणीनंतरही तो चालू असतो. वर एक खोली, ओटा आणि मोरी आहे. तेथे चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणारा तरुण राहायला आला. झारखंडचा, सिंहभूमकडचा, हो नावाच्या आदिवासी समाजातला. बोलणे मोजके. कारखान्यात शिकलेली मराठी बरी बोलायचा. गावाचे नाव विचारले की जिल्ह्याचे नाव सांगून मोकळा व्हायचा.

एकदा पाणी भरताना माझ्या पत्नीने त्याला गाठले.

“लग्नाचं वय झालं की रे तुझं. बघितलीय का कुणी?”

“दोनदा ठरलं होतं, आजी. गावाचं नाव कळलं की मोडतं.”

“का? दरोडेखोरांचं गाव आहे का तुझं?”

तो हसला. “युरेनियमची खाण आहे तिथं. लोक म्हणतात, त्या गावातली पोरं नीट निपजत नाहीत.”

पत्नीला युरेनियम म्हणजे काय ते नेमके ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते वर्तमानपत्रातून. अणुभट्ट्या, देशाचे सामर्थ्य अशा शब्दांच्या सोबतीने तो शब्द माझ्या वाचनात येई आणि वाचताना थोडा अभिमानही वाटे. त्या दगडाशेजारी कुणाचे स्वयंपाकघर असेल, हे कधी ध्यानात आले नव्हते.

पुढे त्याचे आईवडील आले. वडिलांनी उमेदीची सारी वर्षे त्या खाणीत, जमिनीखाली, काढली होती. आता श्वास पुरत नव्हता. पिंपरीच्या रुग्णालयात तपासण्या सुरू झाल्या आणि उपचारासाठी ते दोघे येथेच राहिले. जिना चढताना त्यांना दम लागे, म्हणून सकाळी एकदा खाली उतरले की ते आमच्या पायरीवर बसून राहात. मी आत स्तोत्रे म्हणत असे. एक अक्षरही कळत नसताना ते ऐकत, आणि पाठ संपला की पत्नीने दिलेला चहा घेत. एखाद्या दिवशी मी लवकर आवरले तर दारातून डोकावून हिंदीत विचारत, “पंडितजी, आज देवाला सुट्टी?”

एकदा वीज गेली. गल्लीतील सारी यंत्रे एकदम थांबली. तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “बघा. मी कामावर नाही ना, म्हणून.” मग स्वतःच इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि बायकोने वरून ओरडून त्यांना दटावले.

मी त्यांना विचारले होते, तो दगड दिसतो कसा? ते म्हणाले, “साधा. राखाडी. हातात घेतला तर काही कळत नाही. गरम लागत नाही, चमकत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं.”

थंडी सरता सरता ते गेले. आजाराचे नाव कागदावर लिहिलेले होते, पण तो कशामुळे जडला ते लिहिलेले नव्हते. अंत्यसंस्कार येथल्याच स्मशानभूमीत झाले. मुलाच्या शिफ्टमधली चारपाच माणसे कंपनीच्या गणवेशातच आली होती.

मला जे करता येते ते मी करू पाहिले. परक्या गावात आलेले कुटुंब, जवळ नातलग नाहीत. तेव्हा दशक्रियेची सारी तयारी मी माझ्याकडूनच केली. दर्भ, तीळ, पिंडांसाठी भात, सगळे घेऊन आम्ही इंद्रायणीच्या घाटावर गेलो. मुलगा आईबरोबर मागून चालत होता. त्याच्या आईने वाटेत त्याला दोनदा काही विचारले, त्याने हळूच उत्तर दिले. घाटावर पोचलो तेव्हा नदीवर पांढरा फेस तरंगत होता. आम्हाला तो नेहमीचा. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे पाणी वर कुठेतरी मिसळते आणि खाली असा फेस येतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहात आलो आहोत. ती बाई मात्र शेवटच्या पायरीवर थबकली.

“इथेही खाण आहे?” तिने मुलाला विचारले. त्याने मला ते मराठीत सांगितले.

“खाण नाही,” मी म्हणालो.

मी पिंड मांडले. आता कावळ्याने पिंडाला शिवायचे आणि मृताने पुढच्या वाटेला लागायचे, असे मी मुलाला समजावू लागलो. तो आईला सांगत गेला. ऐकता ऐकता ती बाई उठली, पुढे आली आणि तिने भातावर आपला तळहात झाकणासारखा धरला. रागाने नव्हे. उकळत्या दुधाखालचा गॅस बंद करावा तसे.

“गुरुजी, माफ करा,” मुलगा म्हणाला. “आई म्हणते, त्याला पाठवू नका. आमच्यात पाठवत नाहीत. आमच्यात आत आणतात.”

आम्ही पायरीवर बसलो आणि त्याने मला सगळे सांगितले. त्यांच्या घरात चुलीशेजारी एक अंधारा कोपरा असतो. परक्याने तेथे पाऊल टाकायचे नाही. घरातली गेलेली माणसे त्या कोपऱ्यात राहतात. देह जळला तरी माणसाची सावली बाहेर भटकत असते. एका संध्याकाळी घरचे लोक लोखंडावर लोखंड वाजवत तिला हाका मारतात, वाट दाखवत घरी आणतात आणि कोपऱ्यात बसवतात. तेव्हापासून रोजच्या जेवणातला पहिला घास तिचा.

“अस्थी?” मी विचारले.

“त्या मडक्यात आहेत. गावी आमच्या कुळाच्या शिळांखाली पुरायच्या. ते नंतर करता येतं. सावली तशी थांबत नाही गुरुजी, रस्ता विसरते.”

मी भात आणि तीळ उचलून पिशवीत ठेवले. एवढी वर्षे मृतांची सेवा केली असे मी समजत होतो, आणि त्या बाईच्या दृष्टीने मी तिच्या नवऱ्याला घराबाहेर काढायला बसलो होतो. परतताना माझ्या हातातली पिशवी तिनेच घेतली.

त्या दिवसापासून वरच्या खोलीत मायलेकांचा वाद ऐकू येऊ लागला. भाषा कळत नव्हती. आवाज चढत नव्हते, पण थांबतही नव्हते. शेवटी ती दोघे खाली आमच्या बैठकीत आली. बाई मोडक्या हिंदीत बोलली, जेथे अडली तेथे मुलाने सांगितले. मी ते माझ्या भाषेत लिहितो.

गावात धातू काढून झाल्यावर दगडाचा जो चिखल उरतो, तो नळांतून आणून मोठ्या तळ्यात सोडतात. तळ्याला कुंपण आहे, पण गाईला कुंपण वाचता येत नाही, असे ती म्हणाली. उन्हाळ्यात चिखल वाळतो आणि वारा सुटला की ताटातल्या भातावर राखाडी साय धरते. खाणीतून आलेले नवऱ्याचे कपडे ती ओढ्यावर हाताने धूत असे. सगळ्याच बायका धूत. कपड्यांतली धूळ पाण्यात जाई, तेच पाणी खालच्या आळीला. तिची दोन मुले पोटातच गेली. मग हा झाला. नंतर एक मुलगी झाली, ती कधी उठून बसली नाही. झोपूनच मोठी झाली आणि झोपूनच गेली.

“डॉक्टर आले होते तपासायला. म्हणाले, हे कशानंही होऊ शकतं. असेल. पण एकाच गावात एवढ्या घरांत का होतं, ते कुणी नाही सांगितलं.”

मी वैद्य नाही आणि त्या प्रश्नाचा निवाडा करण्याची माझी योग्यता नाही. ऐकलेले तेवढे लिहिले.

वादाचा विषय असा होता. तळे वाढवायचे ठरले आणि त्यांचे घर नव्या हद्दीत आले. शेजारी उठून गेले. घर अजून उभे होते, त्यात कुणी राहात नव्हते. त्याच घरातल्या कोपऱ्यात तिचे सासूसासरे, आजेसासरे आणि ती मुलगी होती. नवऱ्याची सावली त्यांच्यातच नेऊन बसवायची, असे तिचे म्हणणे.

“घर कुठं राहिलंय आई,” मुलगा म्हणाला. “दारसुद्धा काढून नेलंय लोकांनी.”

“दार नसलं म्हणून काय झालं? कोपरा आहे.”

“आणि घास कोण ठेवणार? त्या धुळीतनं सुटायला तो इथं आला. परत त्याच धुळीत नेऊन बसवू त्याला?”

ती माझ्याकडे वळून म्हणाली, “पंडितजी, तुमच्या वरच्या खोलीत आणू का त्याला?”

मी लगेच होकार दिला नाही. माझ्या शास्त्राप्रमाणे मृताला गती मिळावी हेच इष्ट; त्याला घरात अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय, असे मी शिकलो होतो. ते घर माझे, तेथे माझे देव, माझ्या पितरांच्या तिथी. मी दोन दिवस मागितले.

वाकडला राहणाऱ्या माझ्या मुलाला फोनवर सांगितले, तर तो म्हणाला, “बाबा, अकरा महिन्यांचा करार आहे त्यांचा. उद्या खोली सोडली तर वडिलांना मागे ठेवून जाणार का ते?” गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या, मूळच्या गावकरी असलेल्या माझ्या मित्राला तर ही पर्वणीच वाटली. “आवो गुरुजी, भाडं दोघांचं घ्यायचं आन् राहनार तिघं? ह्ये काय जमत न्हाई बगा. त्याचं बी आधार कार्ड मागून घ्या.” मग चेहरा बदलून म्हणाला, “आमचा म्हसोबा हाय की शेताच्या कडंला. शेत गेलं, बिल्डिंग झाली, त्यो तितंच हाय. त्याला कुनी उठीवलं?”

निर्णय खरा झाला तो पत्नीच्या बोलण्याने. ती भाजी निवडत होती. मी शास्त्रातील अडचणी एकेक करून मांडत होतो. ती म्हणाली, “अहो, चार महिने तो माणूस आपल्या पायरीवर बसून चहा प्यायला. तेव्हा परका नव्हता. आता जेवतही नाही, जागाही अडवत नाही, आणि आत्ता परका झाला होय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर जाऊन होकार सांगितला. मुलाने विचारले, पुढे खोली सोडावी लागली तर? त्याच्या आईने मानेनेच ते उडवून लावले. चूल जाईल तिकडे तो येईल, म्हणाली. पण आधी चुलीपर्यंत तर येऊ दे.

गुरुवार ठरवला, कारण गुरुवारी आमच्याकडचे कारखाने बंद असतात. प्रेस चालू असती तर लोखंडाच्या आवाजात लोखंडाचा आवाज हरवला असता आणि त्याला कुठल्या दिशेने यायचे ते कळले नसते, ही मुलाची चिंता. गावी कोयता आणि नांगराचा फाळ वाजवतात. येथे फाळ कुठला? त्याने कारखान्यातून विचारून दोन लोखंडी पट्ट्या आणल्या. कोपरा म्हणून ओट्याखालची, सिलिंडरमागची जागा ठरली. जमिनीवर पसरायला राख हवी होती. चूल तर गॅसची. तेव्हा माझ्या नित्य होमाच्या गोवऱ्यांची राख पत्नीने चाळून वर नेऊन दिली.

एक गोष्ट राहिली होती. बाहेरची माणसे सावलीला घेऊन आली की घराच्या आतून कुणीतरी विचारायचे असते, काय आणलेत, सुख की दुःख? बाई स्वतः कोपऱ्यापाशी मौन बसणार. मुलगा आणि त्याचा कारखान्यातला एक सोबती बाहेर. आत विचारणारा कुणी उरत नव्हता.

“तुम्ही विचारा,” बाई म्हणाली.

“मला तुमची भाषा येत नाही ताई.”

“तुमच्या भाषेत विचारा. तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. रोज ऐकायचा ना.”

गुरुवारी सूर्य मावळला तसे मी स्नान करून वर गेलो. दिवे मालवलेले होते. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या कशाचा तरी वास येत होता. बाई ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. मी दाराच्या आत, बंद दाराला हात लावून उभा राहिलो. बंद शेडांमुळे गल्ली इतकी शांत होती की दुरून लोखंडाचा किणकिणाट ऐकू आला. स्मशानभूमीच्या रस्त्याने तो जवळ येत होता. मधे मधे मुलगा हाक मारून काही सांगत होता. नंतर मी त्याला विचारले, काय सांगत होतास? तो म्हणाला, “रस्ता, गुरुजी. इथं डावीकडे वळ. हे पावडर कोटिंगवाल्याचं शेड. हा आजींचा नळ. इथं पायरी आहे, सांभाळ, तुला दम लागतो.”

जिन्यावर आवाज आला आणि दारावर थाप पडली.

आयुष्यभर मी आवाहन केले ते संस्कृतात, आणि ते माझ्या स्वतःच्या किंवा यजमानाच्या, ज्याचे गोत्र आणि नाव उच्चारता येते अशा माणसाचे. त्या अंधारात मी साध्या मराठीत विचारले, “काय आणलंत? सुख की दुःख?”

“सुख,” बाहेरून मुलगा मराठीतच म्हणाला.

मी दार उघडले. ते दोघे आत आले. मुलाने काडी ओढून पणती लावली आणि आईकडे दिली. ती पणती घेऊन कोपऱ्यातल्या राखेवर वाकली. तिने तेथे काय पाहिले ते मला ठाऊक नाही. तो कोपरा परक्यासाठी नव्हता आणि मी तिकडे पाठ करून उभा होतो. मग ती एक शब्द बोलली.

“आला,” मुलाने मला सांगितले. त्याचा सोबती, जो वाटभर लोखंड वाजवत आला होता, मटकन खाली बसला आणि रडू लागला.

आम्हाला भात वाढला गेला. मी परान्न घेत नाही; म्हणून पत्नीने खालून आणलेले दूध घेऊन मी त्यांच्याबरोबर बसलो.

एवढ्यावर सारे संपले असे मी समजत होतो. काही दिवसांनी, सकाळचा पाठ झाल्यावर, पायरीवर ती बाई बसलेली दिसली. नवऱ्याच्या जागी ती पूर्वी कधी बसत नसे. मी बाहेर जाऊन बसलो. पत्नीने चहा आणून दिला.

“बरा आहे का तो?” मी विचारले. असा प्रश्न मी कधी काळी कुणाला विचारीन असे वाटले नव्हते.

“घास घेतो,” ती म्हणाली. “पण गप्प आहे. एकटा आहे ना. गावच्या कोपऱ्यात बाप होता, आजा होता, पोरगी होती. बोलायला कुणीतरी होतं. इथं कोण आहे त्याला?”

“गावच्यांना इकडे आणता येणार नाही?”

“त्यांना हाक मारायची तर त्यांच्या दारातून मारावी लागते. गावाकडनं कळलंय, आत जाऊ देत नाहीत आता. मुलगा सुट्टीत जाऊन विचारणार आहे. जाऊ देतील की नाही, काय माहीत.” तिने कप खाली ठेवला. “ते त्या तळ्याखाली जातील, पंडितजी. त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नाही.”

अपुत्रांना, अनाथांना, ज्यांचे कुणी उरले नाही त्यांना तर्पणात पाणी द्यायची सोय आमच्या ऋषींनी करून ठेवली आहे आणि ते पाणी मी नेहमी देतो. पण ती पाणी मागत नव्हती.

मग ती म्हणाली, “तुमचे असतील ना खाली घरात? तुमचे वडील?”

ते घरात नसतात, तिथीला येतात आणि जातात, असे मी सांगू शकलो असतो. ते मी कितीतरी जणांना सांगितले आहे.

“आहेत,” मी म्हणालो.

“मग त्यांना सांगाल का? वर एक माणूस आलाय. हिंदी समजते त्याला. थट्टा आवडते.”

त्या अमावास्येला मी नेहमीप्रमाणे तर्पणाला बसलो. वडील, आजोबा, पणजोबा, मातामह. सर्वांना क्रमाने तिलोदक दिले. विसर्जनाचा मंत्र आला तेव्हा मी थांबलो. वर भांड्याचा आवाज येत होता, ती सकाळचा भात उतरवीत असावी. माझे वडील कर्मठ होते. परक्याशी आपणहून बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मी हातातले पाणी तसेच धरून त्यांना मराठीत सांगितले की, आपल्या वरच्या खोलीत खाणीत काम केलेला एक मनुष्य राहायला आला आहे, त्याची माणसे मागे राहिली आहेत, आणि आज परत जाण्याची घाई नसेल तर थोडा वेळ त्याच्यापाशी बसावे.